आमदारकीला मुदतीची मर्यादा असावी का? सीमाभागातल्या मंडळींना प्रश्न

मार्कंडेयकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

बेळगावच्या महापौराला खुर्ची मिळते एका वर्षासाठी. ग्रामपंचायतीच्या अध्यक्षाला अडीच वर्षं. सहकारी बँकेच्या संचालकाला सलग किती वर्षं बसता येईल, याचाही आता कायदा आहे. आमदार-खासदार मात्र अंगात बळ आहे तोवर उभे राहू शकतात. हा फरक का, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही, म्हणून हा धागा.

आपल्या जिल्ह्यात विधानसभेचे 18 मतदारसंघ. बी. शंकरानंद 1967 पासून सलग सात वेळा चिकोडीतून लोकसभेवर गेले, 1996 साली हरले. हुक्केरीत विश्वनाथ कत्ती यांच्या निधनानंतर 1985 साली उमेश कत्ती आले, आठ वेळा आमदार झाले, 2022 साली गेले, आणि 2023 ला त्यांचे चिरंजीव निवडून आले. बेळगावात सुरेश अंगडी चार वेळा खासदार. 2020 साली त्यांचं निधन झालं, पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी निवडून आल्या. या सगळ्यांना लोकांनीच मतं दिली, त्यात गैर काही नाही. या माणसांनी कामं केली की नाही, तो या धाग्याचा विषयही नाही. मला काळजी आहे ती दुसऱ्या कुणाला जागा मिळण्याची.

आमदार म्हणजे नुसता बेंगळूरला किंवा बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये बसून हात वर करणारा माणूस नव्हे. घरं मंजूर करणाऱ्या आश्रय समितीचा अध्यक्ष तो. बगर हुकूम (परवानगीशिवाय कसलेली सरकारी) जमीन कसणाऱ्याच्या नावावर करायची की नाही, हे ठरवणाऱ्या समितीचा अध्यक्षही तोच. तालुक्याच्या केडीपी (विकासकामांच्या आढाव्याच्या) मीटिंगला मधली खुर्ची त्याची. ज्याच्या सहीनं घर मिळतं आणि जमीन नावावर होते, त्याच्याविरुद्ध त्याच गावातला पोरगा फॉर्म भरायला जाईल तेव्हा घरचेच त्याचा हात धरतात. पंधरा-वीस वर्षं तीच सही चालली की कंत्राटदार, सोसायटीचा सेक्रेटरी, बदली होऊन आलेला अधिकारी, सगळे त्या एका दाराशी बांधले जातात. मग मतपेटी मोकळी असली तरी निवड मोकळी राहत नाही.

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला दोनच वेळा निवडून येता येतं, ते आपल्याला माहीत आहे (1951 ची 22 वी घटनादुरुस्ती, रुझवेल्ट चारदा निवडून आल्यानंतरची). पण तिथल्या 16 राज्यांत आमदारांनाही मर्यादा आहे. कॅलिफोर्नियात 1990 साली लोकांनी थेट मतदान करून ती आणली: खालच्या सभागृहात सहा वर्षं, वरच्यात आठ. पुढं 2012 साली ती बदलून दोन्हीकडं मिळून एकूण बारा वर्षं केली. मिशिगनच्या लोकांनीही 2022 साली बारा वर्षांचाच नियम केला. या दोन ठिकाणी अनुभव घेतल्यावर लोकांनी मर्यादा थोडी सैल केली, काढून मात्र टाकली नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं.

माझं म्हणणं एवढंच: सलग तीन टर्म, म्हणजे पंधरा वर्षं. मग एक टर्म बाहेर. त्यानंतर लोकांना हवा असेल तर तोच माणूस परत येऊ दे. तुमचं मत सांगा.

---

खानापूर_घाट

दादा, तुमचं दुखणं खरं आहे, औषध पटत नाही.

आमच्या खानापुरात न मागता मर्यादा लागलीय. 2008 ला भाजपचे प्रल्हाद रेमाणी, 2013 ला महाराष्ट्र एकीकरण समितीचे अरविंद पाटील, 2018 ला काँग्रेसच्या डॉ. अंजली निंबाळकर, 2023 ला भाजपचे विठ्ठल हलगेकर. चार निवडणुका, चार आमदार. प्रत्येकानं आपापल्या परीनं केलं असेल, मी कुणाला नावं ठेवत नाही. पण तालुक्याच्या मोठ्या कामांचं काय झालं ते बघा की.

म्हादईचं पाणी वळवायची कणकुंबीची कळसा-भांडुरा योजना घ्या. म्हादई लवाद 2010 साली नेमला, निवाडा आला 2018 साली. एवढ्या काळात आमच्याकडं विधानसभेला दोन वेळा मतदान झालं. भीमगड अभयारण्य 2011 साली जाहीर झालं. आतल्या गावांना रस्ता नाही, पावसाळ्यात ओढ्यावरून जायला धड पूल नाही, आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. रस्त्याची फाइल महसूल, पंचायत राज आणि वन खात्यात फिरते. त्यातलं कुठलं टेबल आडवं येतंय, हे कळायलाच आमदाराला दोन वर्षं लागतात. तोवर डीएफओची (वनाधिकाऱ्याची) बदली. मग पुढचा आमदार, आणि पहिल्यापासून सुरुवात.

मी 2021 पर्यंत तालुका पंचायतीत होतो. केडीपी मीटिंग कशी चालते ते जवळून बघितलंय. अधिकारी फाइल उघडून टक्के वाचत जातो, पंच्याऐंशी टक्के, ब्याण्णव टक्के. नवीन आमदार मान हलवतो. जुना, मुरलेला आमदार मध्येच थांबवतो आणि विचारतो, "गेल्या मीटिंगला हीच शाळा ब्याण्णव टक्के होती. पत्रे कुठं आहेत?" खोलीतली हवा बदलते राव. तो प्रश्न विचारायला मागची मीटिंग आठवावी लागते.

आणि सांगोल्याचे गणपतराव देशमुख? एकाच मतदारसंघातून अकरा वेळा आमदार, एकच पक्ष, शेवटपर्यंत दुष्काळाच्या पाण्याचाच विषय लावून धरलेला. मधे दोनदा लोकांनी पाडलं, परत आणलं. तुमचा नियम असता तर तिथल्या शेतकऱ्यांचं काय भलं झालं असतं?

---

निपाणी_स्टँड

मर्यादा आणा, दुसऱ्या दिवशी बायकोचं नाव येईल. बायकोची मुदत संपली की मुलगा. बोर्डावरचं आडनाव तेच, नुसता फोटो बदलणार.

हे मी हवेत बोलत नाही. फिलिपिन्समध्ये 1987 च्या घटनेनं खालच्या सभागृहाला तीन सलग टर्मची मर्यादा घातली, प्रत्येक टर्म तीन वर्षांची. तिथं झालं काय? घराणी मोडण्याऐवजी फोफावली. नवऱ्याची मुदत संपते, बायको उभी राहते, तो महापौर होतो, पुढच्या खेपेला दोघं जागा बदलतात. त्याच घटनेत राजकीय घराणेशाहीला बंदी आहे असं लिहिलंय, पण व्याख्या कायद्यानं करायची आहे, आणि तो कायदा करणारे सभागृहात बसलेले त्याच घराण्यांतले. ती बंदी सगळ्या पदांना लागू करणारा कायदा इतक्या वर्षांत झालाच नाही.

आपल्या जिल्ह्यात तर एका घरातले तिघे भाऊ एकाच वेळी विधानसभेत, चौथा विधान परिषदेत, पुढच्या पिढीतली मुलगी लोकसभेत, हे आपण बघतोच आहोत. माणसागणिक मर्यादा लावून यातलं काय हलणार?

---

कोर्ट_आवार

कायद्याच्या बाजूनं थोडं लिहितो, कारण पुढं चर्चा भरकटेल.

कर्नाटक विधानसभेनं ठरवलं तरी तिला स्वतःच्या आमदारांवर अशी मर्यादा घालता येणार नाही. राज्यघटनेच्या कलम 173 मध्ये आमदाराची पात्रता आहे, कलम 191 मध्ये अपात्रता. दोन्हीकडं भर घालायची सोय आहे, पण "संसदेनं केलेल्या कायद्यानं". म्हणजे हा विषय दिल्लीचा. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती करून भागेल की घटनादुरुस्तीच लागेल, यावर कोर्टात मोठा वाद होईल. माझ्या मते घटनादुरुस्ती केलेलीच बरी, नाहीतर पहिल्याच निवडणुकीत स्थगिती. अमेरिकेतही काही राज्यांनी आपल्या इथून काँग्रेसवर जाणाऱ्यांना मर्यादा घातली होती. 1995 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी ती रद्द केली: राज्यांना अशी अट घालायचा अधिकार नाही.

"मतदाराला हवा तो निवडू द्या" हे म्हणणं ऐकायला चांगलं आहे, पण कायदा आजही मतदाराच्या निवडीला कुंपण घालतोच. पंचवीस वर्षांखालच्याला आमदार होता येत नाही. दोन वर्षांची शिक्षा झालेला सुटल्यावर सहा वर्षं उभा राहू शकत नाही. हरियाणात दोनपेक्षा जास्त मुलं असणाऱ्याला पंचायतीत बंदी होती, ती सर्वोच्च न्यायालयानं 2003 साली वैध ठरवली. तेव्हा मर्यादा घटनेच्या आत्म्याविरुद्ध आहे, असं कुणी म्हणत असेल तर मला ते पटत नाही.

नातेवाइकांवर बंदी मात्र टिकणार नाही. मुलगा सज्ञान आहे, स्वतंत्र नागरिक आहे. बाप आमदार होता म्हणून त्याचा हक्क कसा काढून घेणार? निपाणीच्या मित्राचा प्रश्न बिनतोड आहे, पण त्याचं उत्तर अपात्रतेच्या यादीत नाही. ते पक्षाच्या तिकीट वाटपात आहे.

---

येळ्ळूरची_ताई

मी एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होते. तुम्ही सगळे मर्यादा असावी की नसावी म्हणताय. आमच्यासारख्यांनी ती भोगलीय, ते सांगते.

जागा महिलांसाठी राखीव झाली म्हणून मी उभी राहिले. नाहीतर आमच्या भावकीत बाईचं नाव कुणी घेतलं नसतं. पहिलं वर्ष कागद समजण्यात गेलं. क्रिया योजना (वर्षाच्या कामांचा आराखडा) कधी करायची, पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला बांधील हिस्सा पाणी आणि स्वच्छतेलाच कसा लावावा लागतो, नरेगाचं बिल कुठं अडकतं. कागद सगळे कन्नडमध्ये. पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) साहेब म्हणायचे, "ताई, इथं सही करा." दुसऱ्या वर्षापासून मी म्हणायला लागले, "आधी वाचून दाखवा." तिसऱ्या वर्षी आमच्या गल्लीची गटार मंजूर करून घेतली. उतार उलटा काढला होता. मी कंत्राटदाराला बादलीभर पाणी ओतायला लावलं, पाणी त्याच्याच पायाशी परत आलं. गटार उकरून नव्यानं बांधली.

आणि काम हातात बसलं तोवर टर्म संपली. आता फिरतीत त्या जागेचं आरक्षण बदललं की माझी जागा गेली. जनरल जागेवर बाईला कोण उभं करतंय? फिरतीचा नियम सगळ्यांना सारखा आहे, पण पुरुष शेजारच्या वार्डातून उभा राहतो, बाई घरी बसते.

2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीनं विधानसभा-लोकसभेतही एक तृतीयांश जागा महिलांना मिळणार, आणि प्रत्येक मतदारसंघ पुनर्रचनेनंतर त्या जागा फिरणार. फिरणं म्हणजे पण मर्यादाच की. जुन्या, घट्ट बसलेल्या आमदाराला हलवायला म्हणून जो नियम कराल, त्याचा मार आधी नवख्या बाईवर आणि गरिबावर पडू नये, एवढं बघा. मला मर्यादा मान्य आहे. पण शिकायला आणि काम करायला पुरेशी वर्षं द्या, मग उठवा.

---

मार्कंडेयकाठ

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बादलीचं पाणी डोळ्यासमोर उभं राहिलं. म्हणूनच मी दोन टर्म न म्हणता तीन म्हणतो. कॅलिफोर्नियात सहा वर्षांची मर्यादा होती तेव्हा हीच तक्रार होती: आमदार शिकेपर्यंत निघून जातो, मग बजेट कळतं ते खात्याच्या अधिकाऱ्याला आणि कंपन्यांच्या माणसांना. मिशिगनमध्येही तेच. ताकद लोकप्रतिनिधीकडून सरकून गव्हर्नरकडं आणि नोकरशाहीकडं गेली, असं तिथल्या अभ्यासकांनी लिहून ठेवलंय. बेळगावच्या महापौराचं उदाहरण तर आपल्या घरातलं. एका वर्षात त्याला 58 वार्डांची नावं पाठ होतात न होतात तोच हार दुसऱ्याच्या गळ्यात. कमिशनर मात्र तिथंच. इतकी आखूड मुदत मलाही नको.

खानापूर_घाट, तुमच्याकडचे आमदार मर्यादेनं बदललेले नाहीत, मतदारांनी बदलले. तिथं मतदार मोकळा आहे, म्हणून माझ्या नियमाची तिथं गरजच पडणार नाही. गरज आहे ती जिथं पंधरा वर्षं कुणी समोर उभंच राहत नाही तिथं. आणि गणपतराव देशमुखांना मी मानतो. पण एका चांगल्या माणसाकडं बघून नियम ठरवला तर त्याच नियमाच्या सावलीत बाकीचे तीस वर्षं बसतात.

---

चव्हाट_गल्ली

सहकाराचा उल्लेख धाग्यात आलाय, तर तिथं खरंच काय झालं ते सांगतो. आमच्या भागात आमदारकीच्या आधी सोसायटी येते आणि आमदारकीनंतरही सोसायटीच राहते.

2020 साली बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती झाली आणि सहकारी बँकेच्या संचालकाला सलग आठ वर्षांची मर्यादा लागली. 2025 च्या दुरुस्तीनं ती दहा वर्षं केली. (97 व्या घटनादुरुस्तीत संचालकांची संख्या 21 पर्यंत आणि मंडळाची मुदत पाच वर्षं असं होतं, पण राज्यातल्या संस्थांपुरता तो भाग सर्वोच्च न्यायालयानं 2021 साली रद्द केला.) हा नियम बँकांना आहे. साखर कारखाना, दूध संघ, गावची पतसंस्था, प्राथमिक कृषी पत्तीन (पतपुरवठा) संघ यांना नाही.

एका बँकेत मी सभासद आहे, नाव लिहीत नाही. वर्षानुवर्षं बसलेले चेअरमन जाणार म्हटल्यावर काहींना वाटलं बँक बुडेल. बुडली नाही. नव्या मंडळातल्या दोघा-तिघांनी थकबाकीची यादी वार्षिक सभेत वाचायला लावली. आधी अहवालात एक आकडा असायचा, मोठ्या थकबाकीदारांची नावं कधीच पुढं येत नव्हती. त्या दिवशी सभा रात्रीपर्यंत चालली, चहा तीनदा आला, आणि पुढच्या तिमाहीत वसुली सुरू झाली. चेअरमन मात्र घरी गेले नाहीत, सल्लागार म्हणून येतात, त्यांच्या सुनेचं नाव पुढच्या पॅनेलमध्ये आहे असं ऐकतो. म्हणजे निपाणीकरांचं म्हणणंही खरं, आणि धागाकर्त्याचंही.

मला विचाराल तर मर्यादा पहिल्यांदा पैशाच्या खुर्चीला लावा. कारखान्याचा चेअरमन उसाची तोड कधी द्यायची ते ठरवतो. तोड पंधरा दिवस लांबली की वजन जातं, शेतकरी वर्षभर गप्प बसतो. आमदाराची पकड कुठून येते ते शोधत गेलात तर निम्मी इथं सापडेल.

---

जुना_कार्यकर्ता

पोरांनो, तुमचं वाचतोय. माझी काळजी वेगळी आहे.

समितीच्या तिकिटावर निवडून गेलेला माणूस सभागृहात एकटा-दुकटा असायचा. मराठी कागदपत्रांचा प्रश्न, शाळांचा प्रश्न, 1956 च्या पुनर्रचनेपासूनची सगळी कहाणी, महाजन आयोग, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा, हे सगळं डोक्यात घेऊन उभं राहणारा माणूस एका टर्ममध्ये तयार होत नाही. 2018 आणि 2023 ला तर आपला एकही गेला नाही. मोठ्या पक्षाकडं एक आमदार उठवला तर मागं दहा उभे असतात. अल्पसंख्याकांकडं मागं उभं राहायला माणूस नसतो. नियम सर्वांना सारखा म्हणाल, पण ओझं सारखं पडत नाही.

1996 साली बेळगाव लोकसभेला 456 उमेदवार उभे होते, ते सीमाप्रश्नाकडं दिल्लीनं बघावं म्हणून. मतपत्रिकेचं पुस्तक झालं होतं. त्यानंतर अनामत रक्कम वाढवली गेली. नियम करणारा आपल्या सोयीचा नियम करतो, हे तेव्हापासून मनात पक्कं बसलंय. मर्यादेचा कायदाही तेच लोक लिहिणार.

---

निपाणी_स्टँड

काका, तुमचा मुद्दा मान्य. पण मागं उभं राहायला माणूस नाही याचं एक कारण हेही आहे की पुढचा खुर्ची सोडत नव्हता. समितीत गट पडले, एकाच मतदारसंघात दोन-दोन उमेदवार उभे राहिले, ते कशामुळं? तरुणांना वेळेवर जागा मिळाली असती तर आज सभागृहात बोलायला कुणीतरी असतं.

---

जुना_कार्यकर्ता

हे मात्र खरं आहे. आणि त्याला संसदेचा कायदा लागत नव्हता. समितीच्या बैठकीत ठराव केला असता तरी पुरलं असतं.

---

खानापूर_घाट

काकांनी बरोबर बोट ठेवलं. मग पहिलं पाऊल तेच असू दे. कायद्याची वाट बघत बसण्यापेक्षा जिथं आपलं चालतं तिथं करूया: संघटनेची पदं, सोसायटीचं पॅनेल, शाळेची संस्था, मंदिराची कमिटी. आमदारकीच्या मर्यादेला माझा विरोध कायम आहे. पण आश्रय आणि बगर हुकूम समितीचं अध्यक्षपद आमदाराकडून काढा, म्हणजे धागाकर्त्याची निम्मी तक्रार मिटेल. घर कुणाला द्यायचं ते ग्रामसभेत ठरू दे, फळ्यावर नावं लिहून.

---

कोर्ट_आवार

हे राज्याच्या हातातलं आहे. बगर हुकूम समिती कर्नाटक जमीन महसूल कायद्याखाली येते, तो बदलायला दिल्लीला जावं लागत नाही. डिसेंबरच्या अधिवेशनात एखाद्या आमदाराला अशासकीय विधेयक मांडता येईल. पास होण्याची आशा धरू नका, पण विषय कामकाजात नोंदला जातो.

---

मार्कंडेयकाठ

छान. मग दोन मसुदे करतो. पहिला आपल्या खासदारांसाठी, सलग तीन टर्मनंतर एक टर्म बाहेर. दुसरा जिल्ह्याच्या 18 आमदारांसाठी, समित्यांच्या अध्यक्षपदाबद्दल. कोर्ट_आवार, कलमांचे नंबर तुम्ही तपासून द्या. चव्हाट_गल्ली, कारखाने आणि दूध संघांना संचालकांची मुदत लावायची मागणी दुसऱ्या मसुद्यात घालायची की वेगळी, ते सांगा. ताई, राखीव जागेवर निवडून आलेल्या बाईला तीच जागा निदान दोन टर्म मिळावी, अशी ओळ टाकतो. शब्द तुमचेच असू द्या.

---

येळ्ळूरची_ताई

टाका. आणि मसुदा मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्हीत करा. आमच्या वार्डातल्या कन्नड बायकांनाही हेच म्हणायचंय, त्यांच्याही सह्या मी आणते.